टेन्शन कसले, ते विचारा

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत सकाळी दूध संकलन केंद्रापाशी, सोसायटीच्या ओट्यावर किंवा नीरेकाठच्या एखाद्या वस्तीवर थोडा वेळ उभे राहिले तर एक शब्द हमखास कानावर पडतो. “लय टेन्शन हाय राव.” समोरचा लगेच म्हणतो, “टेन्शन नको घेऊस, हुईल समदं.” पहिला मान हलवतो, दुचाकीला किक मारतो आणि निघून जातो. शेजारच्या निमसाखरला, खोरोचीला, नदी ओलांडून माळशिरस तालुक्यात, आणि तसे पाहिले तर साऱ्या महाराष्ट्रात ही दोन वाक्ये रोज उठता-बसता बोलली जातात. ती इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांत काही विशेष घडते असे कुणालाच वाटत नाही. आमच्या मते ग्रामीण महाराष्ट्रात आज याहून घातक संवाद दुसरा नाही. एकाने मदत मागितलेली असते, दुसऱ्याने ती नाकारलेली असते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

हे बोलणे कुणाला अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने एखाद्या दुर्दैवी घरी मातीनंतर जमलेल्या माणसांचे बोलणे आठवून पाहावे. “महिनाभर टेन्शनमध्येच होता.” “परवाच भेटला होता, म्हणत होता टेन्शन आहे.” “गप्प गप्प राहायचा, आम्हाला वाटलं टेन्शन असेल कसलं तरी.” पोलिसांच्या जबाबात हेच येते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही हेच छापून येते. म्हणजे माणसाने सांगितले होते. बायकोला, भावाला, मित्राला, दुकानदाराला सांगितले होते. आपल्या समाजात मनाचे दुखणे लपवतात, कुणी बोलत नाही, अशी तक्रार नेहमी केली जाते. ती अर्धीच खरी आहे. लोक बोलतात, त्यांच्या हाताशी असलेल्या एकुलत्या एका शब्दात बोलतात, आणि ऐकणाऱ्याच्या लेखी त्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 सालच्या अहवालात देशभरातल्या 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. शेतीवर जगणाऱ्यांच्या 11,290 आत्महत्यांपैकी 4,248 आपल्या राज्यातल्या. त्यांत 2,708 शेतकरी आणि 1,540 शेतमजूर. त्याच वर्षी देशात 25,309 गृहिणींनी जीव दिला, पण त्यांच्यासाठी अधिवेशनात कामकाज तहकूब झाल्याचे कुणी ऐकले नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने बारामती-इंदापूरचा पट्टा सुखी समजला जातो. इथे कालवा आहे, साखर कारखाने आहेत, द्राक्षे-डाळिंबे आहेत, दुधाचा पैसा आहे. त्यामुळे हा प्रश्न आपला नव्हे, असा एक समज इथे पक्का बसला आहे. तो समज मोडावा, यासाठी हा लेख आहे.

‘टेन्शन’ या शब्दाने आपल्या बोलीत काय काय पोटात घेतले आहे, ते आधी पाहू. परीक्षेला जाणाऱ्या पोराला टेन्शन असते. मॅच शेवटच्या षटकात गेली की टेन्शन. लग्नाच्या मांडवात आचारी वेळेवर आला नाही, टेन्शन. सोसायटीचे कर्ज थकले, टेन्शन. भावकीत बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, टेन्शन. पोरगी परक्या मुलाबरोबर दिसली, टेन्शन. दोन महिने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, भूक मेली आहे, गोठ्यात जायला नको वाटते, आपण गेलो तर घरचे सुटतील असे मनात येते, तेही टेन्शनच. आचाऱ्याला उशीर होणे आणि जगणे नकोसे होणे या दोन गोष्टी एकाच शब्दाने सांगणारा समाज त्यांतला फरक ऐकायचा कसा?

मूळ इंग्रजीत हा शब्द ताणलेल्या दोरीचा, स्नायूचा, दोन पक्षांतल्या अवघडलेल्या संबंधांचा. विजेच्या भाषेत तो दाबाचा, म्हणून उच्चदाबाच्या तारांना आपल्याकडेही ‘हाय टेन्शन लाइन’ म्हणतात. लॅटिनमधल्या ज्या धातूवरून तो आला तो आणि संस्कृतातला ‘तन्’ हे एकाच कुळातले. त्यामुळे ‘ताण’ हा त्याचा मराठी भाऊबंदच. परंतु इंग्रजी माणूस टेन्शन ‘घेत’ नाही आणि ‘देत’ही नाही. हे घेणे-देणे आपण लावले. मुंबईच्या बोलीतून, हिंदी सिनेमातून, कारखान्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या बोलण्यातून हा वापर गावोगाव पोचला. नुसते शब्दाचे रूप बदलले असते तर काही बिघडत नव्हते. टेबल, स्टेशन, मोटार, पंप आले आणि आपले झाले. आमचा विरोध परक्या शब्दाला नाही. या देण्या-घेण्यात मात्र एक निवाडा दडला आहे. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणजे ते तू होऊन घेतलेस, मनात आणशील तर टाकू शकतोस, आणि टाकत नाहीस तर दोष तुझा. ज्याच्या छातीत पहाटे तीन वाजता धडधडायला लागते, तो मनातल्या मनात हेच वाक्य शंभर वेळा म्हणून दमलेला असतो. त्याला ते पुन्हा ऐकवणे म्हणजे त्याच्या कमकुवतपणावर शिक्का मारणे.

आपल्या बोलीत यासाठी शब्द नव्हते असेही नाही. जिवाला घोर लागणे वेगळे आणि धास्ती घेणे वेगळे. काळजी बहुधा दुसऱ्याची असते, भीती स्वतःची. हुरहुर, खंत, हाय खाणे, मन उडणे, कशात जीव न लागणे, आतल्या आत कुढणे, काळजीने पोखरून निघणे, जीव टांगणीला लागणे, ‘करमत न्हाई’, ‘उमगत न्हाई काय हुतंय ते’, हे सारे या भागातल्या आया-आज्यांच्या तोंडचे बोलणे. त्यांतल्या प्रत्येकात माणसाचे काय झाले आहे याची थोडीतरी खूण असते. ‘पोरानं हाय खाल्ली’ असे आजीने म्हटले की घरातली माणसे उठून त्याच्याजवळ जात, कारण हाय खाल्लेला माणूस सुकत जातो हे सगळ्यांना ठाऊक होते. ‘टेन्शन’ ऐकून कुणी उठत नाही. आता तर ‘डिप्रेशन’ या वैद्यकीय शब्दाचीही तीच गत होऊ लागली आहे. मॅच हरली, डिप्रेशन; मेसेजला उत्तर आले नाही, डिप्रेशन. खऱ्या रुग्णाने तो शब्द उच्चारला तर त्याच्या मित्रांना ती थट्टा वाटावी, इतका तो बोथट झाला आहे.

शब्दकोशात जुने शब्द परत आणा आणि प्रश्न सोडवा, एवढे हे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो. ‘टेन्शन’ लोकांनी उगाच जवळ केला नाही. पुरुषाला ‘मी घाबरलोय’, ‘मला रडू येतं’ असे म्हणता येत नाही; ‘टेन्शन आहे’ म्हणता येते. त्यात कमीपणा नाही. वेडाचा डाग नाही. सासुरवाशिणीला घरातल्या कुणाचे नाव न घेता सगळे सांगता येते. डॉक्टरपुढे, सावकारापुढे, पाव्हण्यांपुढे हा शब्द चालतो. ज्या समाजात मनाच्या दवाखान्याला सरसकट ‘येरवडा’ म्हणतात, त्या समाजात माणसाने स्वतःची लाज राखून आपले दुखणे सांगण्यासाठी शोधलेली ही वाट आहे. म्हणून या शब्दाची टवाळी करू नये आणि तो पुसायलाही जाऊ नये. तो ऐकू आला की तिथे थांबावे.

निरवांगीच्या परिसरात या शब्दामागे काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण मुंबईत बसून धोरणे ठरवणाऱ्यांना सांगायला हवे. इंदापूर तालुका नीरा डाव्या कालव्याच्या टोकाकडचा. भाटघर आणि वीर धरणांत किती पाणी आहे, आवर्तन कधी सुटणार, वरच्या भागातली तहान भागून ते टेलला पोचणार का, पोचले तर आपल्या चारीला किती तास मिळणार, या हिशेबात उन्हाळा जातो. पाळी चुकली की डोळ्यांदेखत पीक वाळते. विहिरीला पाणी आहे तर वीज रात्रीची. अंधारात दारे धरायला जायचे, साप-विंचू आणि अलीकडे बिबट्याची भीती सोबत घेऊन. आडसाली ऊस लावला की तो दीड वर्ष रानात उभा असतो आणि तेवढे दिवस कर्जही. ऊस गेल्यावर 14 दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर द्यावा, न दिल्यास 15 टक्के व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते व्याज किती शेतकऱ्यांनी हातात घेतले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. डाळिंबावर तेल्या आला की पाच-सहा वर्षांची बाग डोळ्यांसमोर काळी पडते. द्राक्षाची छाटणी साधली आणि अवकाळी पाऊस आला की औषधांचा खर्च डोक्यावर बसतो. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्याचे टेन्शन वेगळे, त्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

बायकांच्या वाट्याला याखेरीज आणखी एक येते. आठवड्याच्या हप्त्याची गटवसुली. कर्ज बहुतेक वेळा तिच्या नावावर, पैसे घरच्या गरजेत गेलेले, आणि हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका दारात. शेजारणीपुढे मान खाली घालण्याची ती धास्ती बँकेच्या नोटिशीहून मोठी असते. ही बाई दवाखान्यात जाते ती डोके दुखते, मुंग्या येतात, अंग गळाले म्हणून. सलाईन लावले जाते, ताकदीची सुई दिली जाते, ‘टेन्शन घेऊ नका ताई’ हे वाक्य फुकट मिळते. चार दिवसांनी ती परत येते. तिची जमीन तिच्या नावावर नसते, म्हणून उद्या काही बरेवाईट झाले तर ती ‘शेतकरी’ म्हणून मोजलीही जात नाही. राज्य सरकार 2006 पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये देते, पण त्यासाठी सातबारा, कर्जाची थकबाकी, पात्र-अपात्र अशी छाननी होते. माणूस गेल्यावर त्याच्या टेन्शनचा पुरावा मागणारी यंत्रणा आपण उभारली. तो जिवंत असताना ‘कसलं टेन्शन आहे’ एवढे विचारणारी यंत्रणा उभारली नाही.

तरण्या पोरांची गोष्ट तर आणखी वेगळी. पहाटे रस्त्यावर धावणारी पोलीस भरतीची पोरे, पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेची पाचवी-सहावी खेप देणारी पोरे, शेती बरी असूनही तिशी ओलांडली तरी लग्न न जमणारी पोरे. ‘पोरगी द्यायची तर नोकरीवाल्याला’ हे वाक्य ज्याने दहा ठिकाणी ऐकले आहे, त्याच्या ‘टेन्शन’मध्ये अपमान किती आणि एकटेपणा किती, हे कुणी मोजत नाही. तो हसत हसत सांगतो, म्हणून मित्रही हसण्यावारी नेतात.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आणि त्याची वाहवा देशभर झाली, ती रास्तच आहे. उपग्रहाची छायाचित्रे आणि मातीतले संवेदक यांच्या मदतीने उसाला पाणी कधी हवे, खत किती हवे, रोग कुठे येतो आहे, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊ लागले आहे. ज्या भागाने उसाची तहान ओळखण्याची एवढी सोय केली, त्या भागाला ऊस पिकवणाऱ्याच्या मनाची चौकशी करण्याची सोय करता येऊ नये, हे आम्हाला पटत नाही. पैसा, संस्था, कार्यकर्ते, सगळे इथे आहे. फक्त हा विषय कुणाच्या कामात धरलेला नाही.

आणि हे काम अशक्य नाही, याचे दाखले आहेत. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ मूठभर. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला सरळ शब्द नाही. लोक ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्या ‘टेन्शन’चा तो सख्खा भाऊच. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारेत काम सुरू केले तेव्हा त्यांनी लोकांच्या तोंडी वैद्यकीय शब्द घालण्याचा खटाटोप केला नाही. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि वस्तीतल्याच आज्यांना शिकवून त्यांवर बसवले. आजी विचारायची, कसला विचार करतोस, सांग. मग अडचणींतली एक निवडायची आणि तिच्यावर काय करता येईल ते दोघांनी मिळून ठरवायचे. या ‘मैत्रीच्या बाका’ची पद्धतशीर चाचणी झाली आणि 2016 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बाकावर बसलेल्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला होता.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने सरकारी दवाखान्यांत साध्या शिकलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून हे काम करून दाखवले. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 2011 नंतर ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघर जात, लोकांशी ताणाविषयी बोलत, गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवत. सुरुवातीला नैराश्याच्या शंभरांतल्या जेमतेम चार रुग्णांना मदत मिळत होती. नंतर सत्तावीसांना मिळू लागली. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. विदर्भात, कर्ज आणि नापिकी तशीच असताना, हे झाले. कर्जमाफी, हमीभाव, पाणी यांसाठीची लढाई सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती चालूच राहिली पाहिजे. पण पाणी येईपर्यंत आणि भाव मिळेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे.

देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दर दहा प्रौढांमागे एकाला मनाचा आजार आढळला, आणि उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण बहुतेक आजारांत 70 टक्क्यांच्या वर निघाले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून अस्तित्वात आहे. कागदावर सगळे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर एक फार मोठी गोष्ट केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी राहील, असे कलम 115 सांगते. म्हणजे ज्याला गावात ‘टेन्शन’ म्हणतात त्याची दखल देशाच्या संसदेने घेतली. गावातल्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत ती अजून पोचलेली नाही. आजही अशा घटनेनंतर घरचे आधी पोलिसांच्या भीतीने गडबडतात, ‘चुकून प्यायला’ असे सांगतात, आणि वाचलेल्या माणसाला घरी आणून पुन्हा त्याच टेन्शनमध्ये सोडतात.

आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या ज्या रुग्णाच्या तोंडून ‘टेन्शन’ हा शब्द निघेल, त्याला निदान दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात, माणसांत मन लागेनासे झाले आहे का? उदास, निराश वाटते का? जगभर डॉक्टर पहिल्या चाचपणीसाठी हेच दोन प्रश्न वापरतात, त्यांना यंत्र लागत नाही. उत्तर ‘हो’ आले तर पुढची तपासणी आणि पाठपुरावा याची नोंद बीपी-शुगरच्या नोंदीसारखी ठेवावी. आशाताईंना याचे प्रशिक्षण द्यावे आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकू नये.

बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 पासून सुरू आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबे दत्तक घ्यावीत, त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावे, असा नियमच आता अभ्यासक्रमात आहे. या भेटींत रक्तदाबाबरोबर मनाची विचारपूस अनिवार्य करावी, आणि महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाने इंदापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या वारी बसावे. रोज उठून शेतकऱ्याला भेटणारी माणसे डॉक्टर नसतात: दूध केंद्रावर माप घेणारा, सोसायटीचा सचिव, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, कारखान्याचा चिटबॉय, कालव्याचा पाटकरी. कारखान्यांनी आणि दूध संघांनी या आपल्या माणसांना एक दिवसाचे प्रशिक्षण दिले तर गावात ऐकणारे कान एकदम वाढतील. कृषी सेवा केंद्रांनी आणि घरांनी विषारी औषधे कुलुपात ठेवावीत. श्रीलंकेने अत्यंत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या, हे आपल्या कृषी खात्याने नीट अभ्यासावे. आणि वर्तमानपत्रांनी ‘टेन्शनमधून टोकाचे पाऊल’ असले मथळे बंद करावेत. पद्धत, चिठ्ठी, छायाचित्र छापू नये, असे भारतीय प्रेस कौन्सिलने 2019 मध्येच सांगितले आहे. एका आत्महत्येमागे बहुधा अनेक कारणांची गुंतवळ असते, ती एका शब्दात उरकणे हा गेलेल्यावर आणि मागे राहिलेल्यांवर अन्याय आहे.

यंत्रणा जागी होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्यांनी, मित्रांनी, भावकीने करायचे ते आजपासून करता येते. पुढच्या वेळी कुणी “टेन्शन हाय” म्हणाला की ते ठरलेले उत्तर देऊ नका. गाडीवरून उतरा. “कसलं टेन्शन, तात्या? सांग की.” एवढे विचारा आणि नंतर गप्प बसा. लगेच उपाय सुचवू नका, दुसऱ्याचे मोठे दुःख सांगून त्याचे लहान करू नका, ‘पोराबाळांकडे बघ’ अशी शपथ घालू नका. झोप लागते का, जेवण जाते का, किती दिवसांपासून असे आहे, ते विचारा. आणि मनात शंका आली तर सरळ विचारा, “जगू नये असं वाटतं का?” असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे, जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे. विचारल्याने माणसाला पहिल्यांदा वाटते की आपल्याला कुणी ओळखले. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, औषधे-विषे हाताशी ठेवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वहिनी, काकू, बहीण यांच्या ‘डोकं दुखतंय’मागेही हेच असू शकते, त्यांना विचारायला पुरुषांनी लाजू नये.

केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक 14416 आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ती सुरू आहे, दिवसाचे चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते, आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक निरवांगीच्या आणि शेजारच्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीने, सोसायटीने, दूध केंद्राने आणि कृषी सेवा केंद्राने भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा, असे आमचे त्यांना आवाहन आहे.